दिशाज्ञान व चलनवलन प्रशिक्षण

दिशाज्ञान व चलनवलन प्रशिक्षण म्हणजे अंध आणि अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तींना घरात, शाळेत, गावात व शहरात सुरक्षितपणे आणि शक्य तितके स्वतंत्रपणे फिरता यावे यासाठी दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण होय. इंग्रजीतील संज्ञेवरून त्यास ‘ओरिएंटेशन अँड मोबिलिटी’ किंवा संक्षेपाने ‘ओ अँड एम’ असेही म्हणतात. आपण कोठे आहोत, कोठे जायचे आहे आणि तेथवर कोणत्या मार्गाने जाता येईल हे उर्वरित ज्ञानेंद्रियांच्या साहाय्याने ठरविणे म्हणजे दिशाज्ञान; आणि ठरविलेल्या मार्गाने प्रत्यक्ष सुरक्षितपणे जाणे म्हणजे चलनवलन. ही दोन्ही अंगे परस्परावलंबी आहेत. काठी उत्तम चालविता येणारी पण दिशा हरवलेली व्यक्ती मुक्कामी पोहोचत नाही. आणि मार्ग पाठ असूनही पुढचा खड्डा न ओळखता येणारी व्यक्ती सुरक्षित राहत नाही.

ब्रेल लिपीचे शिक्षण व दैनंदिन जीवनकौशल्ये यांच्याबरोबरच हे प्रशिक्षण दृष्टिबाधितांच्या शिक्षणाचा मूलभूत भाग मानले जाते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फिल हॅटलेन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या ‘विस्तारित गाभा अभ्यासक्रमा’च्या क्षेत्रांत त्याचा समावेश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिविषयक दिव्यांगत्व आहे.

व्याख्या व पात्रता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार, सर्वोत्तम उपचार वा चष्म्यानंतरही दृष्टीचा पूर्ण अभाव असणे, चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे यास अंधत्व म्हणतात. चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून अधिक नसून ३/६० पर्यंत असणे किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असणे यास अल्पदृष्टी म्हणतात.

प्रशिक्षणाची गरज मात्र केवळ या आकड्यांवरून ठरत नाही. दृष्टिक्षेत्र अरुंद झालेल्या विद्यार्थ्यास फळ्यावरील अक्षरे दिसू शकतात, परंतु बाजूने येणारी सायकल दिसत नाही. रातांधळेपणा असलेला विद्यार्थी दिवसा निर्धास्तपणे चालतो, पण संध्याकाळी त्याला उंबरठाही ओलांडता येत नाही. अशा विद्यार्थ्यांना अनेकदा ‘दिसते’ असे समजून प्रशिक्षणातून वगळले जाते. म्हणून प्रशिक्षणापूर्वी निरनिराळ्या प्रकाशात आणि परिचित-अपरिचित जागी विद्यार्थ्याच्या हालचालींचे मूल्यमापन करणे आवश्यक असते.

इतिहास

जगात

अंध व्यक्ती प्राचीन काळापासून काठीचा आधार घेत आल्या आहेत. तथापि काठी चालविण्याचे शास्त्र विसाव्या शतकात विकसित झाले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यांनी १९२१ मध्ये दृष्टी गमावल्यानंतर वाहनचालकांच्या नजरेस पडावी म्हणून आपली काठी पांढऱ्या रंगाने रंगविली. पुढे १९३० नंतर फ्रान्समध्ये गिली देर्बेमाँ यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकेत लायन्स क्लबांच्या प्रयत्नांनी पांढऱ्या काठीचा प्रसार झाला. या काठीचे मुख्य कार्य इतरांना सूचना देणे हे होते. पुढचा मार्ग चाचपण्यासाठी ती फार आखूड होती.

दुसऱ्या महायुद्धात अंधत्व आलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून आधुनिक पद्धतीचा उगम झाला. अमेरिकेतील व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ पासून लांब, हलकी काठी पावलांच्या तालावर डावी-उजवीकडे फिरविण्याची पद्धत विकसित केली. १९४८ मध्ये इलिनॉय राज्यातील हाइन्स येथे माजी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख रसेल विल्यम्स हे स्वतः युद्धात अंध झालेले होते. १९६० मध्ये बॉस्टन कॉलेजात आणि त्यानंतर वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात प्रशिक्षक घडविणारे अभ्यासक्रम सुरू झाले. प्रौढ सैनिकांसाठी निर्माण झालेली ही पद्धत नंतर शाळकरी मुलांसाठी आणि पुढे शालापूर्व वयाच्या बालकांसाठीही अनुकूल करण्यात आली.

अंध व्यक्तींना समोरचा अडथळा कसा जाणवतो, याविषयी पूर्वी अनेक कल्पना प्रचलित होत्या. चेहऱ्याच्या त्वचेला तो ‘जाणवतो’ असे मानून त्यास ‘चेहऱ्याची दृष्टी’ म्हटले जाई. कॉर्नेल विद्यापीठात सूपा, कोट्झिन व डॅलेनबाख यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून ही क्षमता मुख्यतः श्रवणावर, म्हणजे अडथळ्यावरून परतणाऱ्या ध्वनीवर आधारित असल्याचे दिसून आले. त्यामुळे ही दैवी देणगी नसून सरावाने वाढविता येणारे कौशल्य आहे, या विचारास बळ मिळाले.

भारत व महाराष्ट्रात

भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे ॲनी शार्प यांनी सुरू केली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी सुरू केलेली शाळा पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. १९०२ मध्ये ताडदेव येथील व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. पुण्यात १९३४ मध्ये पुणे अंधशाळेची स्थापना झाली. या आरंभीच्या शाळांचा भर ब्रेल, संगीत आणि वेतकाम, विणकाम यांसारख्या हस्तव्यवसायांवर होता.

१९४३ मध्ये युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी देहरादून येथे सेंट डन्स्टन्स वसतिगृह सुरू झाले. तेथील कार्यातून विकसित झालेली संस्था आज राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था म्हणून ओळखली जाते. १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची (नॅब) स्थापना झाली. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमांचे नियमन सुरू झाले. दृष्टिदोष या विषयातील विशेष शिक्षण पदविका व पदवी अभ्यासक्रमांत दिशाज्ञान व चलनवलन हा घटक शिकविला जातो.

१९७४ च्या केंद्रपुरस्कृत एकात्म शिक्षण योजनेनंतर आणि विशेषतः सर्व शिक्षा अभियानानंतर अनेक दृष्टिबाधित मुले निवासी विशेष शाळांऐवजी गावातील सर्वसाधारण शाळांत शिकू लागली. त्यामुळे प्रशिक्षणाचे स्वरूपही बदलले. निवासी शाळेत एका आवारात अनेक विद्यार्थ्यांना शिकविता येत असे. आता विशेष शिक्षकास गावोगाव फिरून एकेका विद्यार्थ्यास त्याच्या स्वतःच्या वाटेवर शिकवावे लागते.

प्रशिक्षणाचे घटक

पूर्वतयारी व संकल्पना

जन्मांध बालकास डोळस बालकाप्रमाणे पाहून अवकाशाच्या कल्पना येत नाहीत. म्हणून प्रथम स्वतःच्या शरीराचे अवयव, डावे-उजवे, पुढे-मागे, वर-खाली, समांतर, काटकोन, कोपरा अशा संकल्पना प्रत्यक्ष कृतीतून शिकवितात. ‘चौक’ हा शब्द ठाऊक असणे आणि चार रस्ते एकत्र येतात म्हणजे काय हे समजणे यांत अंतर असते. ते भरून काढण्यासाठी दोऱ्या, काड्या वा ठोकळे वापरून केलेले उठावाचे नकाशे उपयोगी पडतात. नंतर पूर्व-पश्चिम या दिशा सकाळचे ऊन चेहऱ्यावर घेऊन शिकविल्या जातात.

डोळस सोबत्याबरोबर चालणे

या पद्धतीत दृष्टिबाधित व्यक्ती सोबत्याच्या कोपराच्या किंचित वर दंड धरते आणि त्याच्या अर्धे पाऊल मागे चालते. त्यामुळे सोबत्याचे वळणे, थांबणे, पायरी चढणे वा उतरणे हाताच्या हालचालीवरून समजते. अंध व्यक्तीचा हात धरून ओढणे, तिला पाठीमागून ढकलणे अथवा तिच्या काठीचे टोक धरून नेणे अयोग्य मानले जाते. कारण त्यात चालण्यावरील तिचा ताबा सुटतो. दार वा अरुंद बोळ आल्यास सोबती आपला हात पाठीमागे घेतो आणि विद्यार्थी त्याच्या मागे एका रांगेत येतो.

स्वसंरक्षण व मागोवा

घरात वा वर्गात काठीविना फिरताना एक हात चेहऱ्यासमोर आडवा आणि दुसरा कमरेच्या पातळीवर तिरपा धरून संरक्षण करतात. हाताच्या बोटांची मागची बाजू भिंतीला हलकेच लावून चालण्यास मागोवा घेणे म्हणतात. वस्तू खाली पडल्यास आधी आवाजाच्या दिशेला तोंड करून, मग खाली बसून वर्तुळाकार चाचपणी करण्याची पद्धत शिकविली जाते. उभ्याने वाकल्यास टेबलाची कड डोक्यास लागण्याचा धोका असतो.

पांढरी काठी

लांब काठीची उंची सामान्यतः जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत असते. उंची, चालण्याचा वेग व पावलाची लांबी यांनुसार ती कमी-अधिक होते. वाढत्या वयाच्या मुलांची काठी वेळोवेळी बदलावी लागते. मूळ पद्धतीत काठीचे टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोड्या अधिक अंतरात डावी-उजवीकडे टेकविले जाते. उजवे पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे आणि डावे पाऊल पडताना उजवीकडे टेकते. अशा रीतीने पुढचे पाऊल जेथे पडणार ती जागा आधीच तपासली जाते. खडबडीत पृष्ठभागावर, तसेच पायऱ्या व खळगे शोधण्यासाठी टोक जमिनीवरून न उचलता घासत नेण्याची पद्धत वापरतात.

काठीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. ती जमिनीलगतचे अडथळे दाखविते, परंतु कमरेच्या वरचे अडथळे दाखवीत नाही. झाडाची लोंबती फांदी, टपरीचा पुढे आलेला पत्रा, खाली ओढून बांधलेला फलक आणि उभ्या मालमोटारीचा मागचा भाग यांपासून होणाऱ्या इजा बहुधा चेहऱ्याला व डोक्याला होतात.

खूण व सुगावा

दिशाज्ञानात कायम राहणारी आणि सहज ओळखता येणारी गोष्ट म्हणजे खूण, तर कधी असणारी व कधी नसणारी गोष्ट म्हणजे सुगावा, असा भेद करतात. देवळाची पायरी, पुलाचा कठडा, रस्त्याचा चढ या खुणा होत. पिठाच्या गिरणीचा आवाज, हॉटेलातील तळणाचा वास, शाळेची घंटा हे सुगावे होत. वीज गेली की गिरणी बंद पडते आणि सुट्टीच्या दिवशी घंटा वाजत नाही. केवळ सुगाव्यांवर मार्ग बेतल्यास विद्यार्थी एखाद्या दिवशी अडकतो. म्हणून प्रत्येक वळणाजवळ निदान एक खूण शोधून दिली जाते.

रस्ता ओलांडणे

आपल्या समांतर जाणाऱ्या आणि आडव्या वाहतुकीचे आवाज वेगळे ओळखणे, रस्त्याशी काटकोनात उभे राहणे, काठी दिसेल अशी पुढे धरणे आणि एकदा निघाल्यावर मध्येच मागे न फिरणे हे यातील मुख्य नियम होत. भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने दुहेरी रस्त्यावर पहिला धोका उजवीकडून व नंतरचा डावीकडून येतो. मात्र उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी लक्षात घेऊन दोन्ही बाजूंचा अंदाज सतत घ्यावा लागतो. पावसाच्या आवाजात वाहनांचे आवाज बुडतात, तर विजेवर चालणारी वाहने जवळ येईपर्यंत ऐकू येत नाहीत. कोणता रस्ता एकट्याने ओलांडता येईल आणि कोठे मदत मागावी, याचा निर्णय घेणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. मदत मागणे हे अपयश मानले जात नाही.

प्रशिक्षणाचा क्रम

प्रशिक्षण सामान्यतः परिचित जागेपासून अपरिचित जागेकडे जाते: घर व अंगण, शाळेची इमारत, शाळेचे आवार, शांत गल्ली, बाजारपेठ, बसप्रवास आणि अखेर अनोळखी ठिकाण. एकेका मार्गावर प्रशिक्षक आधी शेजारून, मग काही पावले मागून आणि शेवटी दुरून चालतो. अखेरच्या टप्प्यात विद्यार्थ्यास एकट्याने जाऊन ठरलेले काम करून परत यायचे असते. वाट चुकल्यास प्रशिक्षकाने लगेच मदत न करता विद्यार्थ्यास विचार करून सावरू देणे अपेक्षित असते; धोका उद्भवल्यासच तो हस्तक्षेप करतो.

शहरी भागातील प्रवास

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत दिव्यांगांसाठी राखीव डबे असतात आणि अनेक स्थानकांवर तो डबा जेथे थांबतो त्या जागी ध्वनिसूचना देणारी यंत्रे बसविलेली आहेत. मेट्रो स्थानकांवर पायाला जाणवणाऱ्या उठावाच्या फरशा आढळतात. जपानमधील सेइची मियाके यांनी कल्पिलेल्या या फरशा १९६७ मध्ये ओकायामा येथे प्रथम बसविण्यात आल्या. त्यांवरील लांबट पट्टे पुढे जाण्याची दिशा, तर गोल उठाव थांबण्याची वा सावध होण्याची सूचना देतात. पदपथावर त्या मध्येच तुटल्यास अथवा त्यांवर विक्रेते व वाहने उभी राहिल्यास मात्र त्यांचा उपयोग राहत नाही.

ग्रामीण भागातील प्रवास

प्रशिक्षणाच्या पाश्चात्त्य पाठ्यक्रमांत पदपथ, त्याची कड आणि काटकोनी चौक गृहीत धरलेले असतात. महाराष्ट्रातील खेड्यांत यांपैकी बहुधा काहीच नसते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर व दौंड तालुक्यांतील घोड आणि भीमा नद्यांच्या काठचा ऊसपट्टा याचे बोलके उदाहरण आहे. ताम्रपाषाणयुगीन अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेल्या इनामगावासारख्या गावात अनेक कुटुंबे गावठाणाबाहेर शेतातील वस्त्यांवर राहतात. तेथून शाळेकडे जाणारी वाट ही पाणंद, बांध, चारी ओलांडण्यासाठी टाकलेली फरशी आणि डांबरी सडक अशा तुकड्यांनी बनलेली असते.

अशा वाटेवर पदपथाच्या कडेऐवजी डांबर व माती यांच्यातील फरक काठीने शोधत चालावे लागते. चाकोऱ्यांची खोली, पायाखालचा मुरूम किंवा काळी माती, पाटातील पाण्याचा आवाज, पारावरील झाडाची सावली, गोठ्याचा वास आणि गुऱ्हाळाचा धूर यांचा उपयोग खुणा व सुगावे म्हणून होतो. परंतु ही रचना ऋतूंनुसार बदलते. उभा ऊस वारा व आवाज अडवितो. तोड झाल्यावर तीच वाट मोकळी होते आणि दूरवरचे आवाज जवळचे वाटू लागतात. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्यांची वाहतूक वाढते. ट्रॅक्टरचा आवाज पुढे निघून गेला तरी मागील ट्रॉली अद्याप गेलेली नसते, ही गोष्ट विद्यार्थ्यास स्वतंत्रपणे शिकवावी लागते. पावसाळ्यात काळी माती काठीच्या टोकास चिकटते आणि चाकोऱ्या पाण्याने भरतात. त्यामुळे एकच वाट वर्षातून दोन-तीन वेळा नव्याने तपासणे आवश्यक ठरते.

पुढील शिक्षणासाठी शिरूर किंवा दौंड येथे जाताना एसटीचा प्रवास करावा लागतो. बसवरील पाटी वाचता येत नसल्याने थांब्यावर विचारणे, वाहकास उतरण्याचे ठिकाण आधीच सांगणे, वळणे व गतिरोधक मोजून आपले ठिकाण ओळखणे आणि उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत रस्ता न ओलांडणे, ही कौशल्ये शिकविली जातात. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत दिव्यांग प्रवाशांना प्रवासभाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

कुटुंब व समाजाची भूमिका

प्रशिक्षणातील मोठा अडथळा पुष्कळदा रस्त्यावर नसून घरात असतो. मूल पडेल, हरवेल, लोक नावे ठेवतील या भीतीने पालक त्यास एकटे सोडत नाहीत. परिणामी दहा-बारा वर्षांच्या मुलालाही शेजारच्या दुकानापर्यंत जाण्याचा अनुभव नसतो. मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेची चिंता अधिक असते आणि सोबत न मिळाल्याने त्यांचे शिक्षण खंडित होण्याचा धोका वाढतो. पांढरी काठी हाती घेणे म्हणजे अंधत्वाची जाहीर कबुली, असे वाटून अल्पदृष्टी असलेले किशोरवयीन विद्यार्थीही ती टाळतात.

यावर उपाय म्हणून पालकांना प्रशिक्षणात सहभागी करून घेतले जाते. डोळ्यांवर पट्टी बांधून पालकांना चालविण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी केला जातो; परंतु अचानक आलेल्या अंधाराचा अनुभव आणि प्रशिक्षित अंध व्यक्तीचा अनुभव सारखा नसल्याने त्यातून भीती वाढू शकते, असा आक्षेप घेतला जातो. त्यापेक्षा स्वतंत्रपणे फिरणाऱ्या प्रौढ अंध व्यक्तीशी पालकांची भेट घडविणे अधिक परिणामकारक ठरते, असे अनेक शिक्षक मानतात. गावातील दुकानदार, रिक्षाचालक व वाहक यांना ‘इकडे’, ‘तिकडे’ असे न म्हणता ‘तुझ्या उजवीकडे पाच पावलांवर’ असे सांगण्याची सवय लावणेही उपयुक्त असते.

साहाय्यक साधने

दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेली व २०१४ मध्ये उपलब्ध झालेली ‘स्मार्टकेन’ ही पांढऱ्या काठीवर बसविता येणारी साधनजोड आहे. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने ती सुमारे तीन मीटरपर्यंतचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीचे अडथळे ओळखते आणि मुठीतील कंपनांनी सूचना देते. भ्रमणध्वनीवरील स्क्रीन रीडर व बोलके नकाशे यांमुळे बसमध्ये आपले ठिकाण कळणे सोपे झाले आहे. तथापि पाणंदी व वस्त्यांच्या वाटा अशा नकाशांत अनेकदा नसतात. अल्पदृष्टी असलेल्यांना पाटी वा फलक वाचण्यासाठी एका डोळ्याने पाहण्याची छोटी दुर्बीण उपयोगी पडते. मार्गदर्शक श्वानांचा वापर भारतात फारच मर्यादित आहे. साधने खरेदीसाठी केंद्र शासनाची ‘एडिप’ ही अर्थसाहाय्य योजना १९८१ पासून राबविली जाते. मात्र काठी मिळणे आणि ती चालविण्यास शिकणे या भिन्न गोष्टी आहेत. शिबिरात वाटलेली काठी प्रशिक्षणाअभावी घरात पडून राहू शकते.

कायदेशीर तरतुदी

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. या कराराचा अनुच्छेद २० वैयक्तिक चलनवलनाविषयी आहे, तर अनुच्छेद २४ मध्ये ब्रेलसोबत दिशाज्ञान व चलनवलन कौशल्यांच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शैक्षणिक संस्थांच्या इमारती व आवार सुगम करण्याची आणि वाहतुकीची सोय पुरविण्याची तरतूद आहे. कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिकाऊ वाहन अनुज्ञप्तीच्या चाचणीतील प्रश्नसंचात पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारी अंध व्यक्ती दिसल्यास ती काठी वाहन थांबविण्याची खूण मानावी, असे शिकविले जाते. १५ ऑक्टोबर हा दिवस ‘पांढरी काठी दिन’ म्हणून पाळला जातो. अमेरिकेत १९६४ मध्ये त्याची सुरुवात झाली.

मतभेद व आव्हाने

प्रशिक्षकाने मार्ग तपशीलवार शिकवावा, की विद्यार्थ्याने प्रश्न सोडवीत तो स्वतः शोधावा, याविषयी दोन विचारप्रवाह आहेत. पहिल्या पद्धतीत आरंभी सुरक्षितता अधिक असते. दुसऱ्या पद्धतीत अनोळखी जागी वापरता येणारे कौशल्य लवकर येते, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आहे. अंध व्यक्तीने प्रशिक्षक व्हावे की नाही, हाही दीर्घकाळ वादाचा विषय होता. अंध संघटनांच्या आग्रहामुळे अमेरिकेत अंध प्रशिक्षकांना मान्यता मिळाली.

ग्रामीण भागात एका विशेष शिक्षकाकडे अनेक गावे असल्याने एका विद्यार्थ्यास मिळणारा वेळ अपुरा पडतो आणि तो वेळही प्रामुख्याने ब्रेल व शालेय विषयांवर खर्च होतो. परीक्षेत गुण नसल्यामुळे हा विषय मागे पडतो. त्याचा परिणाम दहावीनंतर प्रकर्षाने जाणवतो: गावातील शाळा संपते, महाविद्यालय तालुक्याच्या ठिकाणी असते आणि एकट्याने बसमध्ये चढता न येणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढील शिक्षण सोबत येणाऱ्या माणसाच्या सवडीवर अवलंबून राहते.

हे सुद्धा पहा

पांढरी काठी
ब्रेल लिपी
अल्पदृष्टी
समावेशक शिक्षण
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
इनामगाव